मदरबोर्ड गेला, असे म्हणण्यापूर्वी...

सकाळी बटण दाबावे, आतला पंखा नेहमीसारखा फिरू लागावा, पुढचा दिवाही लागावा. मॉनिटरचा पडदा मात्र काळाच राहावा. पाच-सात वेळा बंद-चालू करूनही फरक पडत नाही. मग संगणक दुरुस्तीच्या दुकानात जातो आणि तेथे अनेकदा पाच मिनिटांत निकाल मिळतो : ‘मदरबोर्ड गेला. या मॉडेलचा आता येत नाही. नवीनच घ्या.’ नव्या मदरबोर्डवर जुना प्रोसेसर बसत नाही, जुनी मेमरी चालत नाही. त्यामुळे ‘मदरबोर्ड बदला’ या सल्ल्याचा व्यवहारातील अर्थ ‘संगणक बदला’ असाच होतो.

हा निकाल कधीकधी खराही असतो. मात्र दहा-पंधरा वर्षे चाललेल्या डेस्कटॉप संगणकात हेच लक्षण मेमरीच्या पट्टीवर चढलेल्या मळामुळे, थकलेल्या एसएमपीएसमुळे किंवा एखाद्या छोट्या बॅटरीमुळेही दिसू शकते. मदरबोर्डच्या बिघाडाचे निदान वजाबाकीने करायचे असते. बाकीच्या शक्यता एकेक करून वगळल्यावर जे उरते, तेच खरे. हा क्रम उलटला, की खिशाला भुर्दंड बसतो आणि चालू शकणारे यंत्र भंगारात जाते.

असे जुने संगणक केवळ अडगळ म्हणून उरलेले नाहीत. गृहनिर्माण संस्थेचे अनेक वर्षांचे हिशेब, दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदी, छापखान्यातील युनिकोडपूर्व मराठी फॉण्टमधील मजकूर, पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यातील घरची छायाचित्रे अशा कितीतरी गोष्टी त्यांत आहेत. काही सॉफ्टवेअर तर त्या काळच्या विंडोजवरच चालतात. म्हणूनच दुरुस्तीचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : यंत्र वाचेल का, आणि त्यातील माहिती वाचेल का?

आधी माहिती, मग यंत्र

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा दिलासा देणारे असते. माहिती हार्ड डिस्कवर असते. मेमरी किंवा मदरबोर्ड बिघडला म्हणून ती आपोआप नष्ट होत नाही. परंतु येथे एक धोका दडलेला आहे. डिस्कवर लिहिला जाणारा प्रत्येक शब्द आणि प्रत्येक छायाचित्र आधी मेमरीतून जाते. मेमरीची एखादी पेशी चुकीचे मूल्य परत देत असेल, तर ती चूक तशीच फाइलमध्ये उतरते आणि कोणतीही सूचना मिळत नाही. सर्व्हरमधील मेमरीला चूक ओळखून दुरुस्त करण्याची ईसीसी नावाची सोय असते. घरगुती संगणकात ती सहसा नसते. गूगलच्या सर्व्हरवरील नोंदींच्या आधारे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका वर्षात ८ टक्क्यांहून अधिक मेमरी-पट्ट्यांत किमान एक चूक आढळली होती. तेथे ती पकडली गेली. घरच्या संगणकात ती पकडायला कोणी नसते.

म्हणून संगणक अडखळत का होईना सुरू होत असेल, तर त्याच अवस्थेत घाईघाईने ‘बॅकअप’ घेणे शहाणपणाचे नाही. बिघडलेल्या मेमरीतून घेतलेली प्रतही बिघडलेली असू शकते. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या सुस्थितीतील संगणकाला जोडावी आणि तेथे प्रत करून घ्यावी. आयडीई किंवा साटा डिस्क यूएसबीला जोडणारे अॅडॅप्टर बाजारात मिळतात. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र वीजपुरवठा लागतो. तो अॅडॅप्टरसोबत आहे याची खात्री करून घ्यावी. हे काम झाले, की पुढचे सर्व प्रयोग निर्धास्तपणे करता येतात.

पडदा काळा का राहतो?

बटण दाबल्यावर एसएमपीएस प्रथम स्वतःचे व्होल्टेज स्थिर करतो आणि ‘वीज ठीक आहे’ असा संकेत मदरबोर्डला देतो. त्यानंतर प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डवरील बायोस या चिपमधील सूचना वाचू लागतो. बायोस स्वतःची तपासणी करतो. तिला ‘पोस्ट’ म्हणतात. या तपासणीत मेमरीचा क्रम पडद्याच्या आधी लागतो. मेमरी मिळालीच नाही, तर पडद्यावर काही उमटवण्याची वेळच येत नाही. सदोष मेमरीचा संगणक आणि मेलेला संगणक बाहेरून सारखाच दिसतो, त्याचे कारण हे आहे.

पडदा नसताना बायोसकडे बोलण्याचे एकच साधन उरते, ते म्हणजे कॅबिनेटमधील छोटा स्पीकर. त्याच्या ‘बीप’ आवाजांना अर्थ असतो. एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये एक, दोन किंवा तीन बीप बहुधा मेमरीकडे बोट दाखवतात, तर आठ बीप ग्राफिक्सच्या मेमरीकडे. अवॉर्ड बायोसमध्ये पुन्हापुन्हा येणारा लांब बीप मेमरीची तक्रार करतो. एक लांब आणि दोन आखूड बीप ग्राफिक्सची. मात्र सर्व काही सुरळीत असतानाही अनेक संगणक एक आखूड बीप देतात. संकेत कंपनीनुसार बदलतात, त्यामुळे मदरबोर्डची पुस्तिका सापडल्यास तीच प्रमाण मानावी.

संगणक सुरू होतो, पण मध्येच अडकतो, असाही प्रकार असतो. विंडोजचा निळा पडदा दर वेळी वेगळा संदेश देतो. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, तर कधी ‘पेज फॉल्ट इन नॉन-पेज्ड एरिया’. विंडोज नव्याने टाकताना फाइल वाचता येत नसल्याची तक्रार येते, पण तीच सीडी दुसऱ्या संगणकावर चालते. मोठी झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचे सांगितले जाते. ग्राफिक्स मदरबोर्डवरच असेल, तर ते मुख्य मेमरीचाच काही भाग वापरते. त्यामुळे पडद्यावर रंगीत रेघा आणि ठिपके उमटतात. संदेश रोज बदलत असतील, तर संशय सॉफ्टवेअरपेक्षा मेमरीवर अधिक घ्यावा. एखादा सदोष ड्रायव्हर बहुधा तोच संदेश पुन्हापुन्हा देतो.

पट्टी काढा, पुसा, बसवा

कॅबिनेट उघडण्यापूर्वी वीजजोडणी पूर्ण काढावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण जोडणी असेपर्यंत एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टचा ‘स्टँडबाय’ पुरवठा करतच असतो. वायर काढल्यावर सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. अंगावरील स्थिर विजेचा झटका मेमरीच्या चिपला पुरेसा घातक असतो, म्हणून अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा आणि पट्टी नेहमी कडेने धरावी. एसएमपीएसचा डबा आणि जुन्या काचेच्या मॉनिटरचे आवरण मात्र कोणत्याही कारणाने उघडू नये. तेथील वीज जोडणी काढल्यावरही जिवावर बेतू शकते.

स्लॉटच्या टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या, की पट्टी वर येते. तिच्या खालच्या कडेवरील सोनेरी संपर्कबिंदूंवर वर्षानुवर्षांत काळपट थर चढतो. मुंबई आणि कोकण किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत तो अधिक लवकर चढतो. पावसाळ्यात अनेक दिवस बंद राहिलेला संगणक अचानक मुका होतो, त्यामागे हे एक नेहमीचे कारण असते. पांढऱ्या मऊ खोडरबराने हे बिंदू एकाच दिशेने हलकेच पुसावेत. शाई खोडण्याचे खरखरीत रबर वापरू नये; त्याने सोन्याचा पातळ मुलामाच निघून जातो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या कापडाने रबराचा चुरा पुसून पट्टी वाळू द्यावी. स्लॉटमधील धूळ मऊ ब्रशने काढावी. तोंडाने फुंकर घालू नये, कारण श्वासातील बाष्प आत जाते.

पट्टी परत बसवताना तिची खाच आणि स्लॉटमधील उंचवटा जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्यावा. दोन्ही खिट्ट्या आपोआप ‘टक्’ करून बंद झाल्या पाहिजेत. एका टोकाने अर्धवट बसलेली पट्टी हेही काळ्या पडद्याचे कारण असते. पुष्कळ संगणक एवढ्यावरच पुन्हा बोलू लागतात.

दोष पट्टीचा की स्लॉटचा?

तरीही पडदा काळाच असेल, तर वजाबाकीला सुरुवात करावी. प्रिंटर, मोडेम, साउंड कार्ड, सीडी ड्राइव्ह, हार्ड डिस्क अशा सर्व जोडण्या काढाव्यात. मदरबोर्ड, प्रोसेसर व त्याचा पंखा, एक मेमरी-पट्टी, एसएमपीएस आणि मॉनिटर एवढेच ठेवावे. मदरबोर्डवर स्वतःचे ग्राफिक्स असेल, तर वेगळे ग्राफिक्स कार्डही काढून ठेवावे. अशा स्थितीत संगणक सुरू झाला, तर काढलेल्या वस्तू एकेक करून परत जोडाव्यात. ज्या वस्तूनंतर तो अडतो, ती दोषी.

दोन पट्ट्या आणि दोन स्लॉट असतील, तर चार जोड्या होतात. प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे तपासून निष्कर्ष कागदावर लिहावा. एकच पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये अपयशी ठरते आणि दुसरी दोन्हीकडे चालते, तर दोष पट्टीचा. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये अपयशी ठरतात, तर दोष त्या स्लॉटचा, म्हणजे मदरबोर्डचा. पण तेव्हाही दुसरा स्लॉट वापरून संगणक चालवता येतो. दोन्ही पट्ट्या स्वतंत्रपणे चालतात आणि एकत्र चालत नाहीत, तर त्या परस्परांशी जुळत नाहीत किंवा वीजपुरवठा अपुरा पडतो आहे.

एक प्रयोग विशेष उपयुक्त आहे. सर्व मेमरी काढून टाकावी आणि संगणक सुरू करावा. स्पीकर जोडलेला असताना मेमरी नसल्याची तक्रार करणारे बीप ऐकू आले, तर ती आनंदाची बातमी समजावी. प्रोसेसर, बायोस आणि वीजपुरवठा किमान तक्रार करण्याइतपत जिवंत आहेत, असा त्याचा अर्थ. ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान तेथेच डळमळते. पूर्ण शांतता असेल, तर मात्र शोध मेमरीकडून मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएसकडे वळवावा लागतो.

रात्रभराची परीक्षा

संगणक सुरू होतो, पण भरवसा नाही, अशा वेळी मेमरीची सविस्तर परीक्षा घ्यावी. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत मेमरी तपासण्याची सोय विंडोजमध्येच आहे. त्याहून कसून परीक्षा मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम घेतो. २०२२ मध्ये आलेली त्याची सहावी आवृत्ती जुन्या बायोसवर आणि नव्या यूईएफआयवरही चालते. तो सीडी किंवा पेन ड्राइव्हवर घेऊन थेट त्यावरून संगणक सुरू करायचा असतो; विंडोजची गरज पडत नाही. काही जुने मदरबोर्ड पेन ड्राइव्हवरून सुरू होत नाहीत, त्यांच्यासाठी सीडीच वापरावी.

हा प्रोग्रॅम मेमरीच्या पेशींत निरनिराळे आकृतिबंध लिहितो आणि वाचून पडताळतो. किमान एक पूर्ण फेरी, शक्यतो रात्रभर, तो चालू ठेवावा. काही दोष यंत्र तापल्यावरच उघड होतात. एकही चूक चालत नाही. ‘इतक्या कोट्यवधी पेशींत एखादी चूक असणारच’ हा युक्तिवाद येथे लागू नाही. चुका दर वेळी त्याच पत्त्यावर येत असतील, तर बहुधा एखादी चिप सदोष आहे. त्या सगळीकडे विखुरलेल्या असतील, आणि पट्टी बदलूनही येत राहत असतील, तर मदरबोर्ड, एसएमपीएस किंवा बायोसमधील वेगाची चुकीची नोंद यांचा संशय घ्यावा. कोणी वेग वाढवून ठेवला असेल, तर बायोसमधील मूळ नोंदी परत आणून परीक्षा पुन्हा घ्यावी.

मदरबोर्डकडे वळताना

मदरबोर्डवर पहिली नजर रुपयाच्या नाण्यासारख्या दिसणाऱ्या बॅटरीवर टाकावी. सीआर २०३२ या क्रमांकाची ही ३ व्होल्टची बॅटरी वीज नसताना घड्याळ आणि बायोसच्या नोंदी जपते. ती उतरली, की तारीख अनेक वर्षे मागे जाते, ‘सीमॉस चेकसम एरर’ असा संदेश येतो आणि दर वेळी एफ-१ दाबावे लागते. तारीख चुकल्यामुळे बँकांची व इतर सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची तक्रार करून उघडत नाहीत; इंटरनेट बिघडल्याचा समज होतो, मूळ दुखणे मात्र बॅटरीचे असते. काही मदरबोर्ड तर उतरलेल्या बॅटरीवर सुरूच होत नाहीत. बॅटरी बदलावी आणि वीजजोडणी काढलेली असताना पुस्तिकेतील ‘क्लिअर सीमॉस’ जंपर काही सेकंद बदलून पूर्ववत करावा, म्हणजे बायोसमधील गोंधळलेल्या नोंदीही पुसल्या जातात.

दुसरी नजर प्रोसेसरभोवतीच्या उभ्या, डबीसारख्या कपॅसिटरांवर टाकावी. निरोगी कपॅसिटरचा माथा सपाट असतो. माथा फुगलेला, फुटलेला किंवा तपकिरी द्रवाने माखलेला दिसला, तर तो निकामी होतो आहे. साधारणतः १९९९ ते २००७ या काळात तयार झालेल्या अनेक मदरबोर्डांत सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर वापरले गेले. त्यांत आत वायू निर्माण होऊन डबी फुगत असे. हा दोष एखाद्या स्वस्त कंपनीपुरता नव्हता. अशा दुरुस्त्यांसाठी डेल कंपनीला २००५ मध्ये ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली होती. कपॅसिटर थकला, की प्रोसेसरला आणि मेमरीला स्थिर वीज मिळत नाही. मग संगणक सकाळी सुरू व्हायला कुरकुरतो, किंवा मेमरी चांगली असूनही परीक्षेत नापास होते. कुशल इलेक्ट्रॉनिक्स कारागीर असे कपॅसिटर बदलून देऊ शकतो. नव्याची क्षमता तीच, व्होल्टेज तेवढेच किंवा अधिक आणि प्रकार ‘लो ईएसआर’ असावा. धन-ऋण टोके उलटता कामा नयेत.

तिसरा संशयित एसएमपीएस. पंखा फिरतो म्हणजे वीज ठीक आहे, हा समज चुकीचा आहे. पंख्याला केवळ १२ व्होल्ट लागतात. मदरबोर्डला पिवळ्या वायरीवरील १२, लाल वायरीवरील ५ आणि नारिंगी वायरीवरील ३.३ असे तिन्ही पुरवठे हवे असतात, आणि त्यांतील प्रत्येकात ५ टक्क्यांहून अधिक चढउतार चालत नाही. मल्टिमीटर वापरता येत असेल, तर १२ व्होल्टची वायर ११.४ ते १२.६ या मर्यादेत आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत आहे का, हे पाहावे. अन्यथा ओळखीच्या संगणकाचा चालू एसएमपीएस तात्पुरता जोडून पाहणे हा सोपा मार्ग. पेंटियम-४ आणि नंतरच्या संगणकांत मुख्य जोडाखेरीज प्रोसेसरजवळ १२ व्होल्टचा चार पिनांचा वेगळा जोड असतो. तो राहून गेला, तर पंखे फिरतात आणि पडदा काळा राहतो.

संगणक काही मिनिटे चालून बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरील हीट सिंक पाहावा. २००४ पासून आलेल्या एलजीए ७७५ सॉकेटवर तो चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी बसवलेला असतो. त्यांतील एखादी निसटली किंवा थर्मल पेस्ट वाळली, की प्रोसेसर तापतो आणि संगणक स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. यात मदरबोर्डचा दोष नसतो.

नवी पट्टी घेताना

मेमरीच सदोष ठरली, तर तिचा नेमका प्रकार ओळखणे आवश्यक आहे. जुन्या एसडी-रॅमला १६८ पिना, डीडीआरला १८४, तर डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्हींना २४० पिना असतात. पिनांची संख्या सारखी असली, तरी शेवटच्या दोहोंची खाच वेगळ्या जागी असते. व्होल्टेजही वेगळे : डीडीआर २.५, डीडीआर-२ १.८ आणि डीडीआर-३ १.५ व्होल्ट. खाच जुळत नसलेली पट्टी जोर लावून बसवणे म्हणजे पट्टी आणि मदरबोर्ड दोन्ही गमावणे.

क्षमतेलाही मर्यादा आहेत. इंटेलच्या ९४५ चिपसेटचे बोर्ड फार तर ४ जीबी मेमरी स्वीकारतात. जी-४१ चिपसेटचे डीडीआर-३ बोर्ड आणखी चोखंदळ आहेत. त्यांना ४ जीबीची पट्टी चालते, पण तिच्या दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असाव्या लागतात; केवळ ८ चिप असलेली नंतरच्या काळातील ४ जीबी पट्टी लावल्यास संगणक बहुधा सुरूच होत नाही. ग्राहक समजतो पट्टी खराब, दुकानदार म्हणतो मदरबोर्ड खराब. प्रत्यक्षात दोन्ही चांगले असतात. ‘केवळ एएमडीसाठी’ म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या पट्ट्याही इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत. शिवाय ३२-बिट विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ असेल, तर ४ जीबी बसवूनही पूर्ण ४ जीबी वापरता येत नाही. तो बिघाड नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत जुन्या पट्ट्या आणि मदरबोर्ड मिळतात. तेथे जाताना जुनी पट्टी आणि मदरबोर्डचा छापील क्रमांक सोबत न्यावा, बदलून देण्याची मुदत ठरवून घ्यावी आणि घरी आल्यावर त्याच रात्री परीक्षा घ्यावी.

कोठे थांबावे?

एवढे सर्व करूनही संगणक मुका राहिला, प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर चालला आणि चांगला एसएमपीएस जोडूनही फरक पडला नाही, तर ‘मदरबोर्ड गेला’ हे विधान पुराव्यानिशी करता येते. मग जुना त्याच मॉडेलचा बोर्ड शोधावा की संगणक बदलावा, हा प्रश्न गरजेचा आहे. त्याच संगणकावर चालणारे जुने सॉफ्टवेअर अडले असेल, तर तोच बोर्ड शोधणे योग्य. वेगळ्या चिपसेटचा बोर्ड लावल्यास विंडोज एक्सपी अनेकदा निळ्या पडद्यावरच थांबते. केवळ इंटरनेट आणि पत्रव्यवहारासाठी मात्र जुन्या यंत्रावर फार खर्च करू नये. विंडोज एक्सपीच्या सुरक्षा सुधारणा एप्रिल २०१४ मध्ये, विंडोज ७ च्या जानेवारी २०२० मध्ये थांबल्या आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुरुस्त झालेला जुना संगणक हिशेब आणि टंकलेखनासाठी वापरावा. बँकेच्या व्यवहारांसाठी तो सुरक्षित नाही.

निरोप देण्याचीच वेळ आली, तर हार्ड डिस्क काढून घ्यावी, मेमरी आणि एसएमपीएस सुटे भाग म्हणून ठेवावेत आणि उरलेला सांगाडा भंगारवाल्याऐवजी अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावा. मदरबोर्डवरील जोडकामात शिसे असू शकते, आणि तो उघड्यावर जाळून धातू काढणे आरोग्याला घातक आहे.

दुकानात नेण्याचीच पाळी आली, तरी कोणती पट्टी कोणत्या स्लॉटमध्ये चालली, किती बीप आले, परीक्षेत चुका किती आल्या, याचा कागद सोबत असावा. असा कागद पुढे ठेवणाऱ्या ग्राहकाला पाच मिनिटांतला निकाल ऐकून घ्यावा लागत नाही. त्याला कारण विचारता येते.